ग्रंथालयीन समाजकार्य

ग्रंथालयीन समाजकार्य म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयात येणाऱ्या बेघर, मनोविकारग्रस्त, व्यसनाधीन किंवा अन्य कारणांनी संकटात सापडलेल्या वाचकांना निवारा, उपचार, अन्न, कायदेविषयक साहाय्य इत्यादी सेवांपर्यंत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यामार्फत पोहोचवण्याची व्यवस्था होय. ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य जपणे हा या व्यवस्थेचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा हेतू आहे. तिचा उदय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सार्वजनिक ग्रंथालयात नेमलेली समाजकार्यकर्ती ही त्या देशातील ग्रंथालयातली पहिली पूर्णवेळ समाजकार्यकर्ती मानली जाते. त्यानंतर डेन्व्हरसह अनेक शहरांतील ग्रंथालयांनी ही पद्धत स्वीकारली.

मराठीत ‘समाजसेवक’ या शब्दाने बहुधा विनावेतन, स्वेच्छेने काम करणारी व्यक्ती सूचित होते. येथे अभिप्रेत असलेला समाजकार्यकर्ता मात्र या विषयाची पदवी घेतलेला, परवानाधारक आणि वेतन घेणारा व्यावसायिक असतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सगळ्या विषयाचा गाभा त्यात आहे: जे काम ग्रंथपालाच्या चांगुलपणावर सोपवलेले होते, ते त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडे देणे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालय ही दिवसभर बसता येईल अशी जवळजवळ एकमेव बंदिस्त जागा आहे. तेथे प्रवेशमूल्य नाही, काही विकत घ्यावे लागत नाही आणि आपण का आलो हे कोणाला सांगावे लागत नाही. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, संगणक आणि भ्रमणध्वनी भारित करण्याची सोय या सर्व गोष्टी तेथे मिळतात. अनेक शहरांतील रात्रनिवारे सकाळी रिकामे करावे लागतात. त्यामुळे निवाऱ्यातून बाहेर पडलेली माणसे ग्रंथालयाचे दार उघडण्याची वाट पाहत उभी राहतात.

ही परिस्थिती एकाएकी उद्भवली नाही. १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढील दशकांत ही रुग्णालये क्रमाक्रमाने रिकामी करण्यात आली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांसंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. रुग्णांवर त्यांच्या वस्तीतच उपचार व्हावेत, ही त्यामागील कल्पना मानवतावादी होती. परंतु रुग्णालये बंद होण्याचा वेग आणि केंद्रे उभी राहण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही. त्याच काळात शहरांच्या मध्यभागातील, एका खोलीत अल्प भाड्याने राहता येईल अशी जुनी वसतिगृहे नव्या बांधकामांसाठी पाडली गेली. १९८० च्या दशकात स्वस्त घरांवरील केंद्र सरकारचा खर्च कमी झाला. रस्त्यावर आलेल्या माणसांच्या संख्येतील वाढ ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सर्वांत आधी दिसली, असे म्हणण्यास हरकत नाही.

अमेरिकन ग्रंथालय संघाने १९९० मध्ये गरिबांसाठीच्या ग्रंथालयसेवेविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले. गरिबांना ग्रंथालयात पूर्ण व समान प्रवेश मिळाला पाहिजे, हे त्याचे सूत्र आहे. धोरणाने दार उघडे ठेवण्यास सांगितले. दार उघडल्यावर आत काय करावयाचे, हे मात्र बराच काळ त्या त्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनाच ठरवावे लागले.

नियम आणि न्यायालये

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर न्यायालयातून आले. न्यू जर्सी राज्यातील मॉरिसटाऊन येथील ग्रंथालयाने १९८९ मध्ये वर्तणुकीचे लेखी नियम केले. वाचन, अभ्यास किंवा ग्रंथालयाच्या साहित्याचा उपयोग न करणाऱ्याने निघून जावे, इतरांकडे रोखून पाहू नये, त्यांच्या मागे फिरू नये आणि ज्याच्या शरीराच्या दुर्गंधीमुळे इतरांना त्रास होतो त्याने बाहेर जावे, असे त्यांचे स्वरूप होते. रिचर्ड क्रायमर या बेघर वाचकाने या नियमांना आव्हान दिले. १९९१ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला.

अपिलाच्या निकालात दोन्ही पक्षांसाठी काहीतरी होते. माहिती मिळवण्याचा अधिकार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि सार्वजनिक ग्रंथालय हे तो अधिकार बजावण्याचे ठिकाण आहे, असे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर ग्रंथालय हे रस्ता किंवा मैदान नाही. ते विशिष्ट हेतूसाठी उघडलेले सार्वजनिक स्थान आहे, म्हणून त्या हेतूला धरून केलेले वाजवी नियम वैध आहेत, असेही ठरले.

त्यानंतर २००१ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या ग्रंथालयाविरुद्धचा निकाल आला आणि त्याची दिशा वेगळी होती. १९९३ च्या फेब्रुवारीत एका बेघर माणसाला ‘आक्षेपार्ह दिसणे’ या नियमाखाली दारातूनच परत पाठवण्यात आले होते. हा नियम इतका मोघम आहे की त्याची अंमलबजावणी पहारेकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, असे कारण देऊन न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की नियम कसा लिहावा याची दिशा मिळते. माणूस कोण आहे किंवा कसा दिसतो यावर नियम नसावा. तो काय करतो यावर असावा. टेबलावर डोके ठेवून झोपण्यास मनाई असेल, तर ती रस्त्यावर राहणाऱ्याला लागू आहे तशीच परीक्षेच्या अभ्यासाने दमलेल्या विद्यार्थ्यालाही लागू असली पाहिजे. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला कोणी उठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

लेखी आणि स्पष्ट नियम हे वाचकाइतकेच कर्मचाऱ्याचेही संरक्षण असते. नियम मोघम असला की प्रत्येक प्रसंगी निर्णय टेबलामागे बसलेल्या व्यक्तीला घ्यावा लागतो आणि समोरच्याचा रागही तिच्यावरच येतो.

सॅन फ्रान्सिस्कोचा प्रयोग

सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य ग्रंथालय शहराच्या प्रशासकीय चौकात, टेंडरलॉइन या गरीब वस्तीला लागून आहे. २००९ मध्ये ग्रंथालयाने शहराच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सहकार्याने लिया एस्गेरा यांची नेमणूक केली. त्या कौटुंबिक समुपदेशनातील परवानाधारक चिकित्सक होत्या. ग्रंथालयात फिरणे, मदतीची गरज असलेल्या माणसांशी ओळख करून घेणे आणि इच्छा असल्यास त्यांना निवारा, उपचार किंवा कायम घर मिळवून देणाऱ्या यंत्रणेशी जोडणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. यातील ‘इच्छा असल्यास’ या शब्दांना महत्त्व आहे. अनेक वर्षे सरकारी यंत्रणांनी हाकलून दिलेला माणूस पहिल्या भेटीत आपली अडचण सांगत नाही. एकाच व्यक्तीशी महिनोन्‌महिने केवळ नमस्कारापुरते बोलणे हाही या कामाचाच भाग असतो.

या प्रयोगातील अधिक उल्लेखनीय घटक म्हणजे ‘आरोग्य व सुरक्षा सहकारी’ हे पद. स्वतः पूर्वी बेघर असलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन या पदावर वेतनावर नेमण्यात आले. ते ग्रंथालयाच्या मजल्यांवर व स्वच्छतागृहांत फेरी मारतात. कोणी स्वच्छतागृहातील हातधुणीत अंघोळ करत असेल किंवा कपडे धूत असेल, तर त्याला नियम सांगतानाच मोफत स्नानाची व कपडे धुण्याची सोय कोठे आहे तेही सांगतात. हेच वाक्य गणवेषधारी पहारेकऱ्याने उच्चारले तर ते धमकीसारखे ऐकू येते. त्या परिस्थितीतून गेलेल्या माणसाने ते उच्चारले की त्याचा अर्थ बदलतो. शिवाय या नोकरीमुळे सहकाऱ्यांचे स्वतःचे आयुष्य रुळावर येण्यास मदत होते.

ग्रंथपालांच्या दृष्टीने झालेला बदल साधा होता. पूर्वी मोठमोठ्याने स्वतःशी बोलणाऱ्या वाचकाविषयी दोनच मार्ग होते, दुर्लक्ष करणे किंवा पहारेकऱ्याला बोलावणे. आता तिसरा मार्ग उपलब्ध झाला.

अन्य शहरे

डेन्व्हर सार्वजनिक ग्रंथालयाने २०१५ मध्ये समाजकार्यकर्ती नेमली आणि पुढे स्वतः बेघरपणा, व्यसन किंवा मनोविकार यांतून बाहेर आलेल्या ‘सहमार्गदर्शकां’चा गटही तयार केला. कॅनडातील एडमंटन शहराच्या ग्रंथालयानेही मुख्य शाखेत अशा कार्यकर्त्यांची योजना केली. लहान ग्रंथालयांना पूर्णवेळ पद परवडत नाही. ती जवळच्या विद्यापीठातील समाजकार्य विभागाशी करार करतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्य ग्रंथालयात करतात. यात एक उणीव आहे. विद्यार्थी सत्र संपताच निघून जातो, आणि ज्या वाचकाने त्याच्यावर मोठ्या कष्टाने विश्वास टाकलेला असतो, त्याला पुन्हा नव्या चेहऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

अफूजन्य औषधांच्या व्यसनाची साथ पसरल्यावर परिस्थिती अधिक गंभीर झाली. फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागातील मॅकफर्सन स्क्वेअर ग्रंथालयाभोवतीचे उद्यान हेरॉइनच्या उघड सेवनासाठी कुप्रसिद्ध झाले होते. २०१७ मध्ये तेथील कर्मचारी नॅलोक्सोन देण्याचे प्रशिक्षण घेऊन मात्राधिक्याने बेशुद्ध पडलेल्यांचे प्राण वाचवत असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. नॅलोक्सोन हे अफूजन्य द्रव्यांचा परिणाम तात्काळ उलटवणारे औषध असून ते नाकात फवारूनही देता येते. मुलांना गृहपाठात मदत करण्यासाठी नोकरीला लागलेली व्यक्ती हिरवळीवर गुडघे टेकून एखाद्याचा श्वास परत आणत होती. वृत्तपत्रांनी त्यांना वीर म्हटले. असे प्रसंग एका आठवड्यात किती वेळा सोसता येतात, हा प्रश्न कौतुकात मागे पडला.

डेन्व्हरमध्येही २०१७ मध्ये मुख्य ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात एका तरुणाचा मात्राधिक्याने मृत्यू झाला आणि त्यानंतर ग्रंथालयाने हे औषध ठेवण्यास सुरुवात केली. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर (डिसेंबर २०२२) आणि एंगलवूड (जानेवारी २०२३) येथील ग्रंथालये मेथॅम्फेटामिनच्या धुराचे अंश आढळल्यामुळे काही काळ बंद ठेवावी लागली.

कर्मचाऱ्यांवरील ताण

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरून विशिष्ट भावना चेहऱ्यावर ठेवणे, हे शारीरिक श्रमासारखेच थकवणारे काम आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांचा अभ्यास विमानसेविकांविषयी होता, परंतु ग्रंथालयाच्या टेबलालाही तो लागू पडतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी अशा व्यवसायांतील ‘बर्नआउट’ या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली आहेत. मन रिते होते, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटते आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटू लागते. ग्रंथालयाच्या संदर्भात दुसरे लक्षण विशेष घातक आहे. थकलेला कर्मचारी वाचकाला ‘तो नेहमीचा’ म्हणू लागतो. येथपासून वाचकाची उपेक्षा सुरू होते. म्हणून कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य आणि गरजू वाचकांची सेवा यांना परस्परविरोधी मानणे चूक ठरते.

धोका केवळ मानसिक नाही. डिसेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे एका शाखेच्या पर्यवेक्षिकेची ग्रंथालयाच्या वाहनतळावर हत्या झाली. आरोपी हा पूर्वी प्रवेशबंदी घातलेला वाचक होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शहरी ग्रंथालयांतील आघातविषयक पाहणीत चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी उत्तरे दिली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांनी कामावर वाचकांच्या हिंसक किंवा आक्रमक वर्तनाचा अनुभव आल्याचे सांगितले. ही पाहणी स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची असल्यामुळे तिचे प्रमाण सर्व ग्रंथालयांना लावता येत नाही.

येथे हे नमूद केले पाहिजे की बहुसंख्य बेघर वाचक कोणालाही त्रास देत नाहीत. ते वाचतात, नोकरीचे अर्ज भरतात, नातेवाइकांना पत्रे लिहितात आणि अनेकदा आपण बेघर आहोत हे कोणाच्या लक्षात येऊ नये यासाठी धडपडत असतात.

ग्रंथपाल फोबाझी एटार यांनी २०१८ मधील एका लेखात या ताणाचे मूळ व्यवसायाच्या आत्मप्रतिमेत शोधले. ग्रंथपालन हे पवित्र कार्य आहे आणि ग्रंथालय ही स्वभावतःच चांगली संस्था आहे, असे मानले की तिच्याविषयी तक्रार करणे पाप वाटू लागते. तुटपुंजे वेतन, वाढते काम आणि असुरक्षितता यांबद्दल बोलणाऱ्याला ‘याची कामावर निष्ठा नाही’ असे ऐकावे लागते. या वृत्तीला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘व्यवसायाविषयीचा भक्तिभाव’ असा होतो. शिक्षण व शुश्रूषा या क्षेत्रांतील मराठी वाचकांना हा अनुभव अपरिचित वाटू नये.

कामाची विभागणी आणि सीमा

या क्षेत्रात रूढ झालेल्या पद्धतींचा रोख एका व्यक्तीवर येणारा भार वाटून घेण्याकडे आहे. प्रवेशकक्षातील टेबल हे सर्वाधिक ताणाचे ठिकाण असल्याने तेथील पाळी ठरावीक तासांनी बदलली जाते. इमारतीत एकट्या कर्मचाऱ्याला ठेवले जात नाही. आक्रमक प्रसंगानंतर संबंधिताला ताबडतोब टेबलावरून दूर होण्याची मुभा असते आणि त्यासाठी त्याला रजा टाकावी लागत नाही. प्रत्येक प्रसंगाची लेखी नोंद होते. ही नोंद काय घडले याविषयी असते, माणसाच्या स्वभावाविषयी नसते. नॅलोक्सोन देण्याचे काम अनेक ठिकाणी ऐच्छिक ठेवले आहे. ज्याला ते जमणार नाही त्याने रुग्णवाहिका बोलवावी, एवढीच अपेक्षा असते.

संवादाचे प्रशिक्षणही दिले जाते. इलिनॉय राज्यातील एक मोठा निवारा चालवणारे रायन डाउड यांनी या विषयावर २०१८ मध्ये पुस्तक लिहिले आणि ते ग्रंथपालांत बरेच वाचले गेले. नियम सांगताना माणसाचे नाव घेणे, चारचौघांत त्याचा पाणउतारा न करणे, समोर न उभे राहता थोडे बाजूला उभे राहणे, त्याला निवडीची संधी देणे अशा साध्या गोष्टींवर या प्रशिक्षणाचा भर असतो. रोज अपमान सोसणाऱ्या माणसाला आणखी एक अपमान झाला की तो भडकतो आणि आदराने बोलले की बहुतेक वेळा ऐकतो. रात्रशाळेत शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असेल.

प्रवेशबंदी हे शेवटचे साधन मानले जाते. तीही पायऱ्यांनी असते: एक दिवस, आठवडा, महिना. बंदीचे कारण आणि दाद मागण्याचा मार्ग लेखी दिला जातो. मुदत संपल्यावर परत आलेल्या वाचकाचे इतरांप्रमाणेच स्वागत करावे, अशी अपेक्षा असते. मारहाण किंवा धमकीच्या प्रसंगी मात्र पायऱ्या पाळल्या जात नाहीत.

सर्वांत कठीण सीमा स्वतःच्या मनातील असते. ग्रंथपालाने निवाऱ्याचा पत्ता शोधून द्यावा, दूरध्वनी लावून द्यावा, समाजकार्यकर्त्याशी गाठ घालून द्यावी. परंतु स्वतःच्या खिशातून पैसे देणे, आपला खाजगी क्रमांक देणे किंवा घरी जाताना कोणाला गाडीतून सोडणे यांस बहुतेक ग्रंथालये मनाई करतात. वरवर हा नियम निष्ठुर वाटतो. पण एका कर्मचाऱ्याने पैसे दिले की दुसऱ्या दिवशी टेबलावर बसणारा दुसरा कर्मचारी कठोर ठरतो.

गोपनीयतेचा प्रश्न

ग्रंथपाल आणि समाजकार्यकर्ता या दोघांची व्यावसायिक नीती अनेक बाबतींत जुळते, पण नोंदींच्या बाबतीत जुळत नाही. वाचक काय वाचतो याची माहिती कोणालाही न देणे हे अमेरिकन ग्रंथालय संघाच्या नीतिसंहितेचे जुने तत्त्व आहे, आणि ग्रंथपाल शक्यतो नोंद ठेवतच नाही. समाजकार्यकर्त्याला याउलट प्रत्येक भेटीची नोंद ठेवावी लागते. बालकांवरील अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवण्याचे कायदेशीर बंधनही त्याच्यावर असते. म्हणून त्याची कागदपत्रे ग्रंथालयाच्या प्रणालीपासून पूर्ण अलग ठेवणे आवश्यक मानले जाते. त्याला पहारेकऱ्याचे काम न देण्याचा संकेतही याच कारणाने पाळला जातो. ज्याने काल बाहेर काढले, त्याला आज कोणी आपली व्यथा सांगणार नाही.

आक्षेप

या व्यवस्थेवर दोन दिशांनी टीका होते. पहिला आक्षेप असा, की ग्रंथालयाचे काम ग्रंथांचे आहे आणि त्याचा निधी अन्यत्र वळवणे योग्य नाही. याला उत्तर देणारे म्हणतात की ही माणसे ग्रंथालयात येतच आहेत. प्रश्न त्यांना बोलवावे की नाही हा नसून आल्यावर काय करावे हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. समाजकार्यकर्ता फक्त जोडून देऊ शकतो. पलीकडे घरच नसेल, तर त्याच्या हातात प्रतीक्षायादी उरते. ग्रंथालयाने उत्तम काम केले की नगर प्रशासनाला घरांचा व उपचारांचा प्रश्न पुढे ढकलणे सोपे जाते. चिप वॉर्ड यांनी सॉल्ट लेक सिटीच्या ग्रंथालयात काम करताना आलेल्या अनुभवांवर २००७ मध्ये लिहिलेल्या निबंधात हीच खंत व्यक्त केली होती. त्या निबंधावरून प्रेरणा घेऊन एमिलिओ एस्तेवेझ यांनी ‘द पब्लिक’ (२०१८) हा चित्रपट केला. त्यात कडाक्याच्या थंडीत बेघर वाचक रात्री ग्रंथालय सोडण्यास नकार देतात.

भारतीय संदर्भ

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे सूत्र या चर्चेत लागू पडते, कारण त्यातील ‘प्रत्येक’ या शब्दाला अपवाद जोडलेला नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम लागू असून बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्यानुसार शासकीय अनुदान मिळते. त्यातूनच सेवकांचे वेतन भागवावे लागत असल्याने लहान गावांत ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही कामे एकाच व्यक्तीकडे येतात. मुक्तद्वार वाचनालयात वर्तमानपत्रांपाशी दिवस काढणारे एकाकी वृद्ध आणि अभ्यासिकेत वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण हे येथील वाचकांत मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या अडचणी अमेरिकेतील बेघरांहून निराळ्या आहेत, तरी एखाद्याचे वागणे बदलल्याचे सर्वांत आधी ग्रंथपालाच्याच लक्षात येते. समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. तिच्यासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून क्षेत्रकार्य करावे लागते, आणि अमेरिकेतील लहान ग्रंथालयांनी विद्यापीठांशी केलेले करार याच प्रकारच्या क्षेत्रकार्यावर आधारलेले आहेत.